विद्यापीठाचा अभ्यागत आणि साथीचा बंदोबस्त

विद्यापीठ वा महाविद्यालय म्हटले म्हणजे विद्यार्थी आणि अध्यापक हे दोनच वर्ग आपल्या मनासमोर उभे राहतात, आणि साथरोगाच्या काळात जी परिपत्रके निघतात तीही बहुधा याच दोन वर्गांना उद्देशून लिहिलेली असतात. परंतु जून महिन्यात वसई रोड स्थानकाच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकाशी जो घटकाभर उभा राहील, त्याला असे दिसून येईल की आत जाणाऱ्यांपैकी बराच मोठा हिस्सा ज्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही अशा मंडळींचा असतो. प्रवेशाच्या कागदांची फाईल छातीशी धरलेले पालक, बोनाफाईड दाखल्यासाठी किंवा हरवलेल्या गुणपत्रिकेच्या दुसऱ्या प्रतीसाठी खेटे घालणारे माजी विद्यार्थी, प्रात्यक्षिकासाठी मुंबईहून आलेला बहिःस्थ परीक्षक, परीक्षेच्या दिवसांतले भरारी पथक, कॅन्टीनला पाव पोचवणारा सायकलस्वार, पाण्याच्या टँकरचा चालक, आणि सामाईक प्रवेश परीक्षेच्या दिवशी तर परगावचे परीक्षार्थी व बाहेर सावली शोधत तीन-तीन तास ताटकळणारे त्यांचे आईबाप, अशी ही नानाविध वर्दळ असते. या सर्वांना आपण सोयीसाठी अभ्यागत म्हणू. साथीच्या काळात या अभ्यागताने स्वतः कोणती दक्षता घ्यावी आणि त्याच्या बाबतीत संस्थेने कोणती घ्यावी, हा प्रश्न आजवर ज्या ज्या वेळी उपस्थित झाला त्या त्या वेळी तो घाईघाईने, भीतीच्या भरात आणि मागील साथीचा हत्यारसंच तसाच पुढे वापरून सोडवण्यात आला. आमचे मत आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल: दारावरच्या तपासणीवर आपण वाजवीपेक्षा फार विसंबलो, आणि खोलीतील हवा व माणसाला नुकसानीविना घरी राहण्याची मुभा या दोन गोष्टींकडे, ज्यांनी खरे रक्षण होते, आपले लक्ष फार उशिरा व फार थोडे गेले.

विद्येच्या ठिकाणी येणारा पाहुणा आणि साथ यांची गाठ वसईला नवी नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास जेझुइट धर्मगुरूंनी येथील कोटात विद्यालय स्थापिले होते, आणि ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आज वसईत उभे आहे ते संत गोन्सालो गार्सिया, ज्यांना 1597 साली नागासाकी येथे क्रुसावर चढवण्यात आले, ते याच जेझुइटांच्या शिकवणीखाली वाढले. पुढे 1695 साली इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी वसईस आला, तेव्हा त्याने जे टिपून ठेवले त्यात एक नोंद अशी आहे की, शहराचा उत्तरेकडील सुमारे एक तृतीयांश भाग वरचेवर उद्भवणाऱ्या मरीमुळे निर्मनुष्य पडला होता. आज किल्ला पाहावयास येणाऱ्या शालेय सहलींना पडक्या भिंती दाखवून 1739 चा चिमाजी आप्पांचा वेढा सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्या वेढ्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधीच या नगराचा मोठा भाग रोगाने रिता केला होता, हे सांगणारा वाटाड्या क्वचितच भेटतो.

आधुनिक अर्थाने प्रवाशाची आरोग्यतपासणी हा विषय मात्र आगगाडीबरोबर आला. 1864 साली मुंबई-सुरत लोहमार्ग या किनाऱ्याने पुरा झाला, 1867 मध्ये विरारहून मुंबईकडे जाणारी उपनगरी गाडी सुरू झाली, आणि त्यानंतर तीस वर्षांच्या आतच, 1896 च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. माणसे लाखोंनी शहर सोडून निघाली ती याच गाड्यांनी. सरकारने 4 फेब्रुवारी 1897 रोजी जो साथरोग अधिनियम केला तो अवघ्या चार कलमांचा होता. पण त्यातील दुसऱ्या कलमाने रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि ज्यांच्याविषयी संशय येईल त्यांना रुग्णालयात वा तात्पुरत्या निवाऱ्यात अलग ठेवण्याचा अधिकार दिला, आणि चौथ्या कलमाने अंमलदारांना सद्‌हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल दाव्यापासून संरक्षण दिले. या अधिनियमाखालीच 2020 च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र शासनाने नियम लागू केले, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या फाटकावरच्या तपासणीची वंशावळ कोठवर जाते ते ध्यानी येते.

ती वंशावळ फारशी गौरवास्पद नाही. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने घरोघर गोरे शिपाई पाठवून जी झडती घेतली, स्थानकांवर स्त्रियांची जी तपासणी झाली, तिचा परिणाम 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत रँडवरील हल्ल्यात झाला, तो सर्वविश्रुत आहे. योगायोग असा की ज्या गव्हर्नरच्या बंगल्यातील समारंभ आटोपून रँड परतत होता, त्याच वास्तूत पुढे पुणे विद्यापीठ नांदू लागले. आणि ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला देण्यात आले त्या सावित्रीबाई फुले रँडच्या वधापूर्वी तीन महिने, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने निवर्तल्या होत्या. राजकीय इतिहासाने झडतीविरुद्धच्या संतापाची नोंद घेतली. आरोग्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना अशी की लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, गोठ्यात, परसातल्या कडब्याआड रोगी ठेवले गेले. तपासणीने ज्याला शोधायचे तोच तपासणीच्या धास्तीने दडून बसला, आणि जे सापडले त्यात निरोगी पुष्कळ होते. सव्वाशे वर्षांनी महाविद्यालयाच्या दारात ‘मला ताप, खोकला नाही’ असे स्वयंघोषणापत्र भरून घेणाऱ्या कारकुनाने हा इतिहास वाचला नसेल, पण त्याच्यासमोरचा परीक्षार्थी त्याच तर्काने वागत होता: खरे सांगितले तर परीक्षा बुडते, खोटे सांगितले तर काहीच बिघडत नाही.

1918 चा इन्फ्लुएंझा या आढाव्यात आम्ही दोन वाक्यांत आटोपतो, कारण त्या साथीत प्रवाशाला अडवण्याचा कोणी गंभीर प्रयत्नच केला नाही. युद्धावरून परतणाऱ्या फौजा आणि आगगाड्या यांनी तो देशभर नेला, एक कोटीहून अधिक माणसे देशात मेली, आणि मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक औषधे आणि दूध घेऊन चाळीचाळींतून हिंडले.

वसईकरांना प्रत्यक्ष आठवण असलेली पहिली मोठी धास्ती 1994 ची. त्या वर्षी ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिक प्लेगची चाहूल लागली आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची हाकाटी झाली. सुरत आणि वसई यांत एका लोहमार्गाचा आणि दोनशेच किलोमीटरच्या आसपासचा पल्ला आहे. त्या आठवड्यात सुरतेतून जे लाखो लोक बाहेर पडले त्यातील मोठा लोंढा याच रुळांवरून मुंबईकडे आला, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या नाहीशा झाल्या, आणि तोंडाला रुमाल बांधलेली माणसे लोकलमध्ये सर्रास दिसू लागली. अखेरीस देशभरातील मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. तरीसुद्धा त्या प्रसंगात स्थानकांवर जी तपासणी झाली ती तत्त्वतः चुकीची नव्हती, आणि हे मान्य करणे आमच्या एकंदर मताच्या विरुद्ध असले तरी आवश्यक आहे. फुफ्फुसाचा प्लेग ज्याला झाला आहे तो माणूस खोकत असतो, तापलेला असतो, दिसण्यातच आजारी असतो. रोग देण्याची त्याची शक्ती आणि रोगाची दृश्य लक्षणे ही बरोबरच येतात. अशा रोगात डोळे उघडे ठेवून उभा असलेला तपासनीस उपयोगी पडतो.

हाच न्याय 2003 च्या सार्सला लागू होता. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने चीन, हाँगकाँग, तैवान आणि सिंगापूर येथून उन्हाळी सत्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारण्याचा निर्णय जाहीर केला. विद्यापीठीय अभ्यागतांवरील निर्बंधांच्या इतिहासात हा एक नमुनेदार प्रसंग म्हटला पाहिजे, कारण ज्ञानाच्या संस्थेने माणसाची प्रकृती न पाहता त्याचा मुलूख पाहिला. टीका झाली, आणि काही दिवसांतच निर्णय सैल करावा लागला. वास्तविक सार्सचा रोगी ताप चढल्यानंतर, किंबहुना दुसऱ्या आठवड्यात, अधिक संसर्गकारक होत असे. म्हणजे येणाऱ्याचे तापमान रोज पाहणे आणि त्याला दहा दिवस सोयीच्या ठिकाणी ठेवणे, एवढ्याने काम भागण्यासारखे होते. मुलुखावर बंदी घालणे हा सर्वांत सोपा, सर्वांत दिखाऊ आणि वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत आळशी उपाय होय. आपणही त्याला अपवाद ठरलो नाही. 2020 च्या नोव्हेंबरात दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा येथून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर चाचणीचा निर्दोष अहवाल महाराष्ट्रात सक्तीचा झाला, विमानाने येणाऱ्यास 72 तासांच्या आतला आणि रेल्वेने येणाऱ्यास 96 तासांच्या आतला. रस्त्याने येणाऱ्यांची पाहणी सीमेवरच्या नाक्यांवर होऊ लागली. ज्या दिवशी नमुना दिला त्या दिवशी माणूस निरोगी होता, यापलीकडे त्या कागदाने काही सिद्ध होत नव्हते, आणि त्याच वेळी वापीहून पालघरकडे रोज कामासाठी ये-जा करणाऱ्याच्या दृष्टीने रोगाला राज्याची हद्द माहीत नव्हती.

मध्यंतरी 2009 मध्ये स्वाइन फ्लू येऊन गेला. 3 ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला, आणि तेथील व पाठोपाठ मुंबईतील शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवण्यात आली. त्या साथीतून शिकण्याजोगी गोष्ट बंदीत नव्हती, ती नायडू रुग्णालयाच्या आवारात होती: तपासणी करून घ्यावयास आलेल्या हजारो लोकांची रांग इतकी दाटीची झाली की निरोगी माणसाला रोग व्हावा अशी सर्व सिद्धता त्या रांगेतच झाली होती. तपासणीची रांग ही स्वतःच एक गर्दी असते, हे साधे सत्य पुढील अकरा वर्षांत कोणी परिपत्रकात उतरवून घेतले असते तर फार बरे झाले असते.

मग 2020 उजाडले. भारतातील पहिला नोंदलेला कोरोना रुग्ण कोण होता? वूहानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आणि सुट्टीत केरळात घरी आलेली एक विद्यार्थिनी. तिच्या नमुन्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केले आणि 30 जानेवारीस ते जाहीर झाले. म्हणजे या महामारीची आपल्याकडील पहिली नोंदच विद्यापीठाच्या ये-जा करणाऱ्या माणसाची होती. मार्चच्या मध्यास राज्यातील महाविद्यालये बंद झाली, 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली, आणि त्या क्षणी वसई-विरारच्या माणसाच्या ध्यानात आले की मुंबई विद्यापीठाचे आवार कलिन्यात वा फोर्टात असले तरी त्याचे प्रवेशद्वार प्रत्यक्षात विरारच्या फलाटावर आहे. 15 जूनपासून लोकल पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी; बाकीच्यांना एसटी, आणि 22 जुलैला एसटीत जागा नाकारली गेल्याने नालासोपाऱ्यात संतप्त प्रवाशांनी रूळ अडवले. अभ्यागताच्या आरोग्याचा विचार करणाऱ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. ज्याला वसईहून सकाळी अकराला कलिन्यात पोहोचायचे आहे, त्याने महाविद्यालयाच्या दारातील दोन मिनिटांत कितीही शिस्त पाळली, तरी त्याआधी तासाभराहून अधिक काळ तो ज्या डब्यात वा बसमध्ये चेपलेला होता तेथेच त्याचे खरे भवितव्य ठरलेले असते. त्याची भेट अकराऐवजी दुपारी दोनला ठेवणे, म्हणजे तो गर्दीची वेळ टाळून येईल, हे संस्थेच्या हातातले एक स्वस्त आणि प्रभावी औषध होते. ते फार थोड्यांनी दिले. ज्यांना दिल्यासारखे वाटले त्यांनी वेळ ठरवून दिली आणि मग त्या वेळी खिडकीवरचा कारकून जेवावयास गेलेला असे.

त्या काळातील सर्वांत मोठा प्रयोग प्रवेश परीक्षांचा. सप्टेंबर 2020 मध्ये जेईई आणि 13 तारखेस नीट झाली, तेव्हा नीटच्या एका खोलीतील परीक्षार्थींची संख्या 24 वरून 12 वर आणण्यात आली, येण्याच्या वेळा वाटून दिल्या गेल्या, ताप असलेल्यासाठी वेगळी खोली राखून ठेवण्यात आली, आणि प्रवेशपत्र दाखवणाऱ्या परीक्षार्थीस लोकलने प्रवासाची मुभा मिळाली. या योजनेत दोन गोष्टी विशेष स्तुत्य होत्या. पहिली, संख्या निम्मी करणे. कारण हवा तेवढीच असताना श्वास घेणारे निम्मे झाले म्हणजे धोका आपोआप घटतो. दुसरी, तापलेल्यास परत न पाठवता वेगळ्या खोलीत परीक्षेस बसवणे. कारण त्यामुळे खरे सांगण्याची शिक्षा नाहीशी झाली. उरलेल्या सामग्रीविषयी, म्हणजे कपाळावर रोखलेली तापमापकाची बंदूक, हातमोजे, प्रवेशद्वारी उभारलेले जंतुनाशकाच्या फवाऱ्याचे बोगदे यांविषयी, इतके आदराने बोलता येत नाही. माणसांवर जंतुनाशक फवारू नये असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 18 एप्रिल 2020 रोजीच बजावले होते. बंदुकीची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ती सार्सच्या अनुभवातून आलेली, आणि सार्ससाठी अर्थपूर्ण. परंतु कोरोनाचा बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या आधीच रोग देऊ लागतो आणि पुष्कळांना लक्षणे होतच नाहीत. शिवाय ऑक्टोबरच्या उन्हात स्थानकापासून चालत आलेल्या माणसाचे कपाळ आणि पॅरासिटामॉल घेऊन रिक्षाने आलेल्या रोग्याचे कपाळ, यांत ती बंदूक पहिल्यालाच अडवण्याचा संभव अधिक. दरवानाच्या हाती तेवढे एकच यंत्र दिले की त्याला आपण काम करीत आहोत असे वाटते, व्यवस्थापनाला आपण खर्च केला असे वाटते, आणि अभ्यागताला आपण सुरक्षित जागी आलो असे वाटते. तिघांचेही समाधान होते, रोगाचे काहीच बिघडत नाही.

त्यानंतर आला दाखल्यांचा काळ. 20 ऑक्टोबर 2021 रोजी राज्यातील महाविद्यालये उघडली ती लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी. कागदावर हे निर्विवाद दिसते. परंतु 18 वर्षांवरील सर्वांना लस मे 2021 मध्ये खुली झाली, कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर त्याच महिन्यात 12 ते 16 आठवडे करण्यात आले, आणि 18 पूर्ण न झालेल्या प्रथम वर्षाच्या मुलांना तर जानेवारी 2022 पर्यंत लस मिळणेच शक्य नव्हते. म्हणजे शासनाच्या एका विभागाने मागितलेला दाखला दुसऱ्या विभागाच्या वेळापत्रकामुळे पुष्कळांजवळ असूच शकत नव्हता. महाविद्यालयांतूनच लस देण्याची ‘मिशन युवा स्वास्थ्य’ ही मोहीम ऑक्टोबरच्या अखेरीस काढली गेली, आणि ती तजवीज मुळातच आधी व्हावयास हवी होती. प्लेगच्या काळातही हाफकिनची लस टोचून घेणाऱ्यास दाखला मिळे आणि त्यावर काही निर्बंधांतून सूट मिळे. दाखला दाखवून मोकळे होण्याची वृत्ती तेव्हापासूनची आहे. त्या दाखल्याने काय होते आणि काय होत नाही, हे त्याच 2021 च्या नोव्हेंबरात धारवाडच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयाने दाखवून दिले. नवागतांच्या स्वागताच्या समारंभानंतर तेथे अडीचशेहून अधिक विद्यार्थी व कर्मचारी बाधित आढळले; त्यांतील बहुतेकांच्या दोन्ही मात्रा झालेल्या होत्या, आणि बहुतेकांचा आजार सौम्य राहिला. लशीने आपले काम चोख बजावले होते: तिने माणूस वाचवला. ती दरवान नव्हती, आणि तिला दरवानाच्या जागी उभे करण्याचा दोष तिचा नव्हे.

आता हवेकडे वळू. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे 2021 मध्ये जी सूचनापत्रिका काढली तीत स्पष्ट म्हटले होते की मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, पण सूक्ष्म तुषार दहा मीटरपर्यंत हवेतून जाऊ शकतात, म्हणून खिडक्या-दारे उघडी ठेवा, हवा बाहेर फेकणारे पंखे बसवा, नुसते वातानुकूलन यंत्र लावून खोली बंद करू नका. या पत्रिकेत आपल्या आज्या-पणज्यांना नवे असे काही नव्हते. नवे होते ते तिला प्राप्त झालेले शास्त्रीय प्रामाण्य. जुन्या शाळांच्या दोहों बाजूंच्या ओसऱ्या, वरच्या बाजूस ठेवलेल्या झडपा, ही सगळी त्या काळच्या आरोग्यशास्त्राची फळे होती. ज्या पिढीने प्लेग पाहिला तिने हवेसाठी भिंतींत जागा सोडली, आणि ज्या पिढीला प्रतिजैविके सहज मिळाली तिने ती जागा काचेने बुजवली. आज अभ्यागत ज्या खोलीत सर्वाधिक वेळ काढतो ती बहुधा कार्यालयाबाहेरची बिनखिडकीची प्रतीक्षाखोली किंवा प्राचार्यांची वातानुकूलित केबिन असते, आणि दोन्ही ठिकाणी एका खोकणाऱ्या माणसाचा श्वास दुसऱ्याच्या वाट्याला येण्याची व्यवस्था उत्तम असते. आमची साधी सूचना अशी की अभ्यागताची भेट व्हरांड्यात घ्यावी. वसईत समुद्राकडून वारा येतो. त्याचा उपयोग करून घेण्यास निविदा काढावी लागत नाही. पावसाळ्यातल्या झडीसाठी छपराला पुढे दोन हात पागोळी वाढवावी, बाकड्यांना पाठ असावी, आणि तोंडाला घट्ट बसणारा मास्क असलेल्या पालकाला उगीच ‘बाहेर थांबा’ असे न म्हणता ‘बाहेरच बसू या’ असे म्हणावे. तसेच, ही खिडकी कोरोनापुरती नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि क्षयाचा जंतू याच हवेतून पसरतो. तो कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता दर वर्षी येतो आणि फाटकावरच्या नोंदवहीत कधीच सापडत नाही.

सर्वच साथींना हवा कारण नसते, आणि येथेही एका साथीचा पोशाख दुसरीला चढवण्याची सवय दिसून येते. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्याखाली राहिले, गाड्या थांबल्या, आणि अशा पाण्यातून चालणाऱ्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तेव्हा अभ्यागतास हवे असतात गुडघाभर पाण्यातून न जाता पोहोचण्याचा रस्ता, आल्यावर पाय धुण्यास स्वच्छ पाणी, आणि पायास जखम असेल तर तो दिवस टाळण्याची परवानगी. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात झिका आढळला. तेथे दक्षता म्हणजे आवारातल्या टाक्या, झाडांच्या कुंड्या, छतावर पडलेली भंगार बाकडी यांतील साचलेले पाणी ओतणे, आणि गरोदर अभ्यागत स्त्रीला तिचे काम दुसऱ्याकरवी करू देणे. 2025 च्या जानेवारीत पुण्यातच सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलियन-बारे आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, आणि संशयाची सुई कॅम्पिलोबॅक्टर जंतूने दूषित झालेल्या पाण्याकडे वळली. त्या प्रसंगी मास्कचा काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो उकळलेल्या पाण्याचा आणि हात धुण्याच्या साबणाचा. ज्या वसई-विरारमध्ये उन्हाळ्यात अनेक संस्थांना टँकरवर विसंबावे लागते, तेथे अभ्यागतासाठी ठेवलेल्या थंड पाण्याच्या यंत्राची शेवटची सफाई कधी झाली, ही तारीख त्या यंत्रावर लिहिलेली असावी एवढी माफक अपेक्षा गैर नव्हे. मूल्यांकन समिती येणार असली म्हणजे ते यंत्र घासूनपुसून लखलखते. समितीच्या सदस्यांना पोट असते तसे पालकांनाही असते.

नोंदवहीविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. साथीच्या काळात आलेल्याचे नाव, दूरध्वनी आणि भेटीची वेळ टिपून ठेवणे योग्य, कारण पुढे कोणी बाधित निघाल्यास इतरांना कळवता येते. पण ती वही फाटकाच्या टेबलावर उघडी पडलेली असते. पाठोपाठ येणाऱ्या प्रत्येकाला आधीच्या पन्नास जणींचे भ्रमणध्वनी क्रमांक दिसतात, आणि साथ संपल्यावर ती रद्दीत जाते. महिन्याभरानंतर ती नष्ट करावी, तोवर कुलपात ठेवावी, आणि ज्याला कळवायचे त्याला खरोखर कळवावे, असा तीन ओळींचा नियम पुरेसा आहे. आजपर्यंत कळवण्याचे काम क्वचितच झाले. टिपण्याचे काम मात्र निष्ठेने चालू राहिले.

उरतो तो सर्वांत मोठा प्रश्न: या अभ्यागताने मुळात यावेच का? 2020 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याचा आग्रह धरला, राज्य शासनाने त्या टाळण्याचा, आणि 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबरात परीक्षा घरबसल्या घेतल्या. त्यात 12 ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या संगणक यंत्रणेवर घाला पडला, मागील खोलीत भावंडांचा गलबला चालू असताना मुलांनी मोबाइलच्या पडद्यावर पर्याय निवडले. त्या परीक्षांचा शैक्षणिक दर्जा काय होता याविषयी कठोर बोलणारे बोलतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु आरोग्याच्या दृष्टीने पाहता, विरारपासून कुलाब्यापर्यंतची लक्षावधी मुले एका वेळी गाडीत बसली नाहीत, एवढ्याने जे साधले ते हजार तापमापकांनी साधले नसते. परीक्षेत हा मार्ग आणीबाणीचाच राहावा. पण दाखला, गुणपत्रिकेची प्रत, शुल्काची पावती, पात्रतेचा अर्ज, यांसाठी माणसाला प्रत्यक्ष यावयास लावण्याचे कोणतेही शैक्षणिक कारण नाही. टाळेबंदीत ही कामे ई-मेलवर झाली. निर्बंध उठले, 2022 च्या गुढीपाडव्यापासून मास्कही ऐच्छिक झाला, आणि पुष्कळ ठिकाणी खिडकीपुढची रांग जशी होती तशी परत आली, जणू मधल्या दोन वर्षांत ती नसल्याने संस्थेची काही प्रतिष्ठा गेली होती.

ज्याला यावेच लागते त्याच्यासाठी न येण्याची सोय हवी, आणि ती बहिःस्थ परीक्षकाच्या उदाहरणाने नीट कळते. परीक्षक सकाळी तापाने उठला तर त्याने काय करावे? त्याचे मानधन भेटीवर अवलंबून, पन्नास मुलांचे प्रात्यक्षिक त्याच्या सहीवर अवलंबून, आणि महाविद्यालयाजवळ दुसरे नाव नाही. म्हणून तो गोळी घेतो, मास्क लावतो, विरार फास्ट पकडतो आणि प्रयोगशाळेत दिवसभर मुलांच्या तोंडाशी तोंड नेऊन प्रश्न विचारतो. विद्यापीठाने प्रत्येक केंद्रासाठी एक पर्यायी परीक्षक आधीच नेमून ठेवला, आजारी पडलेल्यास मानधनाचा काही भाग दिला, आणि आदल्या रात्री आठपर्यंत एका क्रमांकावर नुसते कळवण्याची मुभा ठेवली, तर त्याला हा खोटेपणा करावा लागणार नाही. हीच गोष्ट परीक्षार्थीला दुसरी तारीख देण्याची. मार्च 2021 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची 14 तारखेची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि 11 मार्चला पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले. परीक्षा अखेर 21 ला झाली. त्या तरुणांचा राग परीक्षा पुढे गेल्याचा जेवढा होता तेवढाच ती कोणत्या दिवशी होईल हे कोणालाच ठाऊक नसल्याचा होता. आजारी पडणाऱ्यासाठी दुसरी तारीख पहिल्या तारखेबरोबरच जाहीर झालेली असेल, तर ताप लपवण्याचे कारण उरत नाही, आणि त्या तारखेचा खर्च किती येईल याचा हिशेब विद्यापीठाच्या वित्त समितीने साथ नसताना करून ठेवला पाहिजे.